घरचें विज्ञान : वायूचे खेळ आणि कुंभाराचें गाढव

मागील अंकीं आपण पाण्याच्या पृष्ठभागावरील ताणाचे खेळ पाहिले. या वेळीं वायूकडे वळूं. वार्षिक परीक्षा आटोपून मुलें घरीं बसलीं, म्हणजे दुपारचे तीन-चार तास त्यांना कोठें गुंतवावें हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढें उभा राहतो. हातीं मोबाइल दिला कीं तो क्षणांत सुटतो खरा, पण पेला, पोस्टकार्ड, मेणबत्ती, चेंडू आणि चमचा एवढें साहित्य ज्या घरांत आहे (आणि तें कोणत्या घरांत नसतें?) तेथें याहून चांगली सोय होऊं शकते. वायूचे प्रयोग स्वस्त असतात, बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि मुलांना ते जादूसारखे वाटतात. मात्र त्यांत एक धोका आहे. हात भाजण्याचा किंवा कांच फुटण्याचा धोका मी म्हणत नाहीं; त्याची काळजी थोड्या सावधपणानें घेतां येते. धोका हा, कीं प्रयोग खरा होतो आणि त्याच्या मागून मोठ्या माणसानें सांगितलेलें कारण खोटें असतें. प्रयोग डोळ्यांदेखत घडलेला असल्यामुळें त्या कारणावरही मुलाचा विश्वास बसतो, आणि मग तें जन्मभर निघत नाहीं.

ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला असेल, त्यांना वायूचें लक्षण आठवत असेल. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें लिहिलेल्या या चिमुकल्या ग्रंथानें संस्कृत शिकणाऱ्या कितीतरी पिढ्यांना न्यायशास्त्राचें दार उघडून दिलें. वायूला रूप नाहीं पण स्पर्श आहे, असा त्यांतील लक्षणाचा आशय. आणि लहान मुलास वायूची ओळख करून देण्यास याहून चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाहीं. मुलाच्या गालावर हातपंख्यानें हळूच वारा घालावा. "काय दिसलें रे?" "कांहीं नाहीं." "मग येथें कांहीं आहे हें कशावरून?" "लागतें आहे ना, आजोबा!" झालें, पाठांतरावांचून लक्षण समजलें.

पण त्याच ग्रंथांत गुरुत्व, म्हणजे जडपणा, हा गुण पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांचा मानला आहे. याचा अर्थ वायूला वजन नाहीं. येथें ग्रंथ आदरानें बाजूस ठेवावा आणि वजनकाटा घ्यावा. एक फुटबॉल आणावा. तो पुरता गोल असावा, पण अंगठ्यानें दाबल्यास सहज दबेल इतकाच फुगलेला असावा. स्वयंपाकघरांतील डिजिटल काट्यावर एक वाटी ठेवून आंकडा शून्यावर आणावा, वाटींत चेंडू ठेवून त्याचें वजन लिहून घ्यावें. मग पंपानें तो कडक होईपर्यंत, परंतु त्याच्यावर छापलेल्या दाबाच्या मर्यादेंतच, हवा भरून पुन्हां वजन करावें. पूर्ण आकाराचा फुटबॉल असेल तर वजन ४-५ ग्रॅमनीं वाढलेलें दिसेल. चेंडूचा आकार तोच, कातडें तेंच; आंत गेली ती केवळ हवा. पुष्कळ पुस्तकांत हाच प्रयोग काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधून व त्यांतला एक फोडून दाखवितात. तो मीं मुद्दाम गाळला आहे. फुग्यांतील हवा बाहेरच्या हवेहून अगदीं किंचित् दाटलेली असते, आणि भोंवतालची हवा फुग्याला जवळजवळ तितक्याच बळानें वर उचलून धरते. त्यामुळें फरक इतका सूक्ष्म असतो, कीं घरच्या काठीवर तो दिसलाच तर बहुधा रबराचा एखादा तुकडा उडून गेल्यामुळें! शिवाय फुटक्या फुग्याचे तुकडे रांगत्या मुलांच्या घशांत अडकतात, हेंही विसरूं नये.

एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम भरतें. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलींत ३६ घनमीटर हवा मावते. हा गुणाकार मुलांनाच करावयास सांगावा. रिकाम्या दिसणाऱ्या खोलींत ४० किलोग्रॅमांच्या वर कांहींतरी आहे, हें कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. अन्नंभट्टाचा यांत अवमान नाहीं. प्रमाणांचा क्रम लावतांना नैयायिकांनीं प्रत्यक्षालाच पहिलें स्थान दिलें आहे.

वजन आलें कीं दाब आला. पेला पाण्यानें काठोकाठ भरून त्यावर पोस्टकार्ड ठेवावें, हातानें धरून पेला उलटा करावा व हात काढावा. पाणी सांडत नाहीं. (न्हाणीघरांत करावा, पहिल्या दोन-तीन वेळां सांडतेंच.) पेल्याचें तोंड ७ सेंटिमीटर रुंद असेल तर तें सुमारें ३८ चौरस सेंटिमीटर भरतें, आणि दर चौरस सेंटिमीटरवर हवा सुमारें एक किलोग्रॅम भाराइतकी रेटते. पाव किलो पाण्याला तोलून धरण्यास तेवढें पुरून उरतें. काठाशीं फट राहूं नये म्हणून मागील अंकांतील पृष्ठताण येथें कामास येतो. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नळींतील पारा १६४३ सालीं ७६ सेंटिमीटरवर तोलून राहिला, तोही याच रेट्यानें. पुढें १६४८ सालीं पास्कालच्या मेहुण्यानें तशी नळी फ्रान्समधील प्वी-द-डोम या डोंगरावर नेली, तेव्हां माथ्यावर पारा सुमारें ८ सेंटिमीटर खालीं आलेला आढळला. आपल्याला पारा नको. तो विषारी असून घरांत आणूंच नये. महाबळेश्वरास जातांना वेफर्सचें एक बंद पाकीट बरोबर घ्यावें. वाईला तें जसें असतें त्याहून वर पोहोंचतां पोहोंचतां अधिक टम्म फुगतें. आंतील हवा तीच; बाहेरचा रेटा कमी झाला.

आतां मेणबत्तीचा प्रयोग. हा सर्वत्र दाखविला जातो, आणि बहुतेक ठिकाणीं त्याचें तेंच चुकीचें कारण सांगितलें जातें, म्हणून याच्याजवळ थोडें थांबूं. काडी मोठ्या माणसानेंच ओढावी. मुलींच्या वेण्या मागें बांधलेल्या व कपडे सैल नसावे. पाण्यानें भरलेली बादली जवळ असावी. पसरट ताटलींत दोन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यांत हळदीची चिमूट टाकावी, म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. मधोमध मेणबत्तीचा बुटका तुकडा मेणानें चिकटवून उभा करावा, तो पेटवावा आणि त्यावर कांचेचा उंच पेला पालथा घालावा. ज्योत लवकरच बारीक होऊन विझते व पाणी पेल्यांत वर चढतें. आतां नेहमींचें स्पष्टीकरण ऐका: हवेंत प्राणवायु एक पंचमांश; ज्योतीनें तो खाऊन टाकला; त्याची जागा पाण्यानें घेतली; म्हणून पाणी एक पंचमांश चढलें. किती नेटकें! शिवाय प्राणवायूचें हवेंतील प्रमाण खरोखरच सुमारें २१ टक्के असल्यामुळें खोट्याला खऱ्याचा टेंकू मिळतो.

मुलांना मात्र आधीं कांहींच सांगूं नये. नुसतें पाहावयास लावावें. पाणी चढतें केव्हां? ज्योत जळत असते तोंवर तें फारसें हलत नाहीं. ती विझली कीं भर्रकन् वर येतें. ज्योत प्राणवायु खात जाते म्हणून पाणी चढत असतें, तर तें ती जळतांनाच हळूहळू चढावयास हवें होतें. दुसरें, एकाऐवजीं तीन मेणबत्त्या लावून त्याच पेल्यानें झांकाव्या. पेला तोच, म्हणजे आंतील प्राणवायु तेवढाच. तरी पाणी पहिल्याहून उंच चढतें. तिसरें, अग्नि मुळींच नसतांना काय होतें तें पाहावें. प्लास्टिकची पातळ बाटली हाताला सोसेल अशा कढत पाण्यानें खळबळून रिकामी करावी, लगेच बूच घट्ट लावावें आणि नळाखालीं धरावी. बाटली कुरकुरत आंत चेपते. येथें ना मेणबत्ती, ना ज्वलन. होती ती ऊन हवा व वाफ, आणि ती निवाली.

मेणबत्तीचें मर्मही हेंच. पेला झांकतेवेळीं आंतील हवा तापून फुगलेली असते. तिच्यांतली थोडी कडेनें बुडबुड्यांच्या रूपानें निसटतांना दिसतेही. ज्योत विझली कीं उरलेली हवा निवून आकसते, वाफेचें पाणी होतें, आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलींतील पाण्याला आंत रेटतो. प्राणवायु खर्च होतो हें खरें. पण त्याच्या जागीं कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते, आणि निम्म्याहून पुष्कळ अधिक प्राणवायु शिल्लक असतांनाच ज्योत विझून जाते.

न्यायशास्त्रांत अशा कारणाला अन्यथासिद्ध म्हणतात व त्यासाठीं कुंभाराच्या गाढवाचा दृष्टांत देतात. घट होण्यापूर्वीं गाढव तेथें असतें, माती त्यानेंच वाहून आणलेली असते. पण म्हणून घटाचें कारण गाढव, असें कोणी म्हणत नाहीं. मेणबत्तीच्या प्रयोगांत प्राणवायु हा असा गाढवाच्या जागीं आहे: त्यानें ज्योत जगविली, ज्योतीनें हवा तापविली, आणि पाणी चढलें तें हवा निवाल्यामुळें. मुलांना हा दृष्टांत फार आवडतो. एकदां कळला, कीं घरांत कोणींही कांहींही कारण सांगितलें तरी "हें गाढव तर नव्हे ना?" असें तीं विचारूं लागतात. वडील मंडळींनीं त्याबद्दल रागावूं नये. धूर आणि अग्नि यांचें साहचर्य दाखविण्यास नैयायिकांनीं जो दृष्टांत निवडला, तो स्वयंपाकघराचाच आहे.

उड्डाणाकडे येतांना असेंच एक कारण पुढें येतें आणि तें अधिक बलवत्तर आहे, कारण तें चांगल्या चांगल्या पुस्तकांत छापलेलें आहे. विमानाचा पंख वरून फुगीर, खालून सपाट. वरची वाट लांबची, खालची जवळची. पुढच्या कडेशीं ताटातूट झालेले हवेचे दोन कण मागच्या कडेला एकाच वेळीं भेटले पाहिजेत. म्हणून वरच्याला अधिक वेगानें धांवावें लागतें. वेग वाढला कीं दाब घटतो. सबब पंख वर उचलला जातो. यांत वेग आणि दाब यांचा जो संबंध आहे तो खरा असून डॅनियल बर्नुली यानें १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा पाया घातला. पंखाच्या वरील हवा अधिक वेगानें जाते आणि तेथें दाब कमी असतो, हेंही खरें. पण दोन कणांनीं पुन्हां भेटलेंच पाहिजे, हा करार त्यांच्याशीं कोणीं केला? केंब्रिज विद्यापीठाचे प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांचें एक चलच्चित्र २०१२ सालीं प्रसिद्ध झालें आहे. त्यांत धुराचे झोत पंखावरून जातांना दिसतात, आणि वरचा झोत खालच्या झोताच्या पुष्कळ आधीं मागच्या कडेस पोहोंचतो. म्हणजे हें कारण गाढवही नव्हे. गाढव निदान अंगणांत असतें तरी. हें सशाचें शिंग आहे.

चलच्चित्राचीही गरज नाहीं. पतंग पाहा. त्याला ना फुगीर पाठ, ना सपाट पोट. एक कागद आणि दोन कामट्या, तरी तो आभाळाला भिडतो. कन्नी बांधतांना त्याला वाऱ्याशीं जो तिरकेपणा देतात, त्यावर त्याचें सारें नशीब अवलंबून असतें. (पतंग सुती दोऱ्यावरच उडवावा. माणसांचे गळे व पक्ष्यांचे पंख कापणाऱ्या नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली. तो घरांत येऊंच देऊं नये.) हवाई कसरतींत विमानें पाठीवर उलटीं होऊनही उडतात. पंखाचा फुगीरपणा हेंच कारण असतें, तर तीं तत्काळ खालीं ओढलीं गेलीं असतीं.

मग खरें काय? एक कागदाची पट्टी कापावी, चार बोटें रुंद आणि वीतभर लांब. तिचें एक टोंक खालच्या ओठाखालीं धरून पट्टीच्या पाठीवरून फुंकर मारावी. खालीं वांकलेली पट्टी उचलून आडवी होते. "पाहा, फुंकरीची हवा वेगवान, म्हणून दाब कमी," असें म्हणून बहुतेक लोक येथें थांबतात. आपण थांबूं नये. तीच पट्टी आतां वरून दोन बोटांत सरळ लोंबती धरावी आणि तिच्या एका बाजूनें वरून खालीं फुंकर घालावी. वेग तोच, पट्टी तीच. पण ती फुंकरीकडे ओढली जात नाहीं. पहिल्या वेळीं पट्टी वांकडी होती, दुसऱ्या वेळीं सरळ आहे, एवढाच भेद. म्हणजे नुसता वेग पुरत नाहीं; हवेची वाट वळावी लागते. अन्वय आणि व्यतिरेक ते हेच. एक जेथें आहे तेथें दुसरें आहे, एवढ्यावर भागत नाहीं. तें काढून घेतल्यावर दुसरें जातें कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.

वळणें कसें, तें हवेंत दिसत नाहीं, पाण्यांत दिसतें. नळाची बारीक, अखंड धार सोडावी. चमच्याची दांडी वरच्या टोंकाशीं दोन बोटांत अगदीं सैल धरावी, चमचा लोंबता राहूं द्यावा, आणि त्याची फुगीर पाठ हळूहळू धारेजवळ न्यावी. धार चमच्याला ढकलून देईल, असें मूल छातीठोकपणें सांगेल. प्रत्यक्षांत स्पर्श होतांच चमचा धारेंतच ओढला जातो आणि बाहेर काढूं म्हटलें तरी लवकर निघत नाहीं. आतां धारेकडे पाहावें. ती चमच्याच्या पाठीला बिलगून वळते व खालीं पडतांना चमच्याच्या बाजूस तिरपी जाते. चमचा उजवीकडे गेला, पाणी डावीकडे. क्रिया आणि प्रतिक्रिया यांविषयीं न्यूटननें १६८७ सालीं जें लिहिलें, तें मोरीच्या नळावर सहा वर्षांच्या मुलालाही दिसतें. विमानाचा पंख हवेला असेंच वळवून खालीं लोटतो आणि हवा त्याला वर उचलते. दाबांतील फरक आणि हवेचें खालीं लोटलें जाणें या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. जमा आणि खर्च दोन्हींकडे रक्कम तीच.

विमान ज्यांनीं प्रथम उडविलें, त्या राइट बंधूंची गोष्ट याच संदर्भांत सांगण्यासारखी आहे. १७ डिसेंबर १९०३ ची १२ सेकंदांची व १२० फुटांची भरारी सर्वांना ठाऊक असते. १९०१ ची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. त्या वर्षीं त्यांचें ग्लायडर छापील कोष्टकांवरून अपेक्षिलें होतें त्याहून फारच कमी वजन उचलूं लागलें. कोष्टकें तर नामांकित लोकांचीं. दोघां भावांनीं सुमारें सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी केली, तिच्या एका तोंडाशीं पंखा बसविला, आणि आंत पंखांचे लहान लहान नमुने टांगून, सुमारें २०० आकारांची स्वतः परीक्षा घेतली. विमान त्या पेटींतून निघालें.

याच ओघांत नातवंडें विचारतात, "आजोबा, आपल्याकडे पूर्वीं विमानें होतीं ना हो?" पुष्पक विमान काव्यांत आहे आणि तेथें तें फार सुंदर आहे, असें मी सांगतों. वैमानिकशास्त्र नांवाचा जो ग्रंथ भरद्वाजाच्या नांवावर दाखविला जातो, तो विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगितला व लिहिला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं त्याची भाषा व त्यांतील यंत्रांच्या आकृति तपासून तीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा निर्वाळा दिला. संस्कृतावर ज्याचें प्रेम आहे, त्यानें तर हें अधिकच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. आप्ताचें वाक्य प्रमाण मानावें, असें शास्त्र म्हणतें. संस्कृतांत लिहिलेलें प्रत्येक वाक्य आप्ताचें, असें म्हणत नाहीं.

असो. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तेव्हां आणखी एक प्रयोगशाळा फुकट उघडी आहे, ती झाडांची. रुईचें बोंड फुटून म्हाताऱ्या उडूं लागल्या असतील; वावळाखालीं कागदासारख्या चकत्यांचा सडा पडला असेल; आणि कोणाच्या बागेंत माधवीचा वेल (कोंकणांत व घाटांत त्याला हळदवेल म्हणतात) असेल तर त्याचीं तीन पंखांचीं फळें मिळतील. कालिदासाच्या नाटकांतील माधवी ती हीच. पण तिचें फळ गिरक्या घेत कसें उतरतें, हें फार थोड्यांनीं पाहिलें असेल. तिन्ही प्रकार गोळा करून एका उंचीवरून सोडावे आणि कोणतें किती अंक मोजेपर्यंत टिकतें तें पाटीवर मांडावें. सोडण्याचें काम काकांनीं किंवा आत्यानें घराच्या आंतल्या जिन्यावर उभें राहून करावें; मुलांना गच्चीच्या कठड्याशीं किंवा खिडकीशीं जाऊं देऊं नये, आणि पंखा बंद ठेवावा. नंतर माधवीची नक्कल कागदाची करावी. वीतभर लांब पट्टी निम्म्यापर्यंत उभी चिरून दोन पाती कराव्या, एक पुढें व एक मागें दुमडावी, खालच्या टोंकास कागद अडकविण्याची क्लिप लावावी आणि सोडून द्यावी. ती गरगरत उतरेल. मग दोन्ही पाती उलट बाजूंना दुमडून पुन्हां सोडण्यापूर्वीं मुलांकडून उत्तर लिहून घ्यावें, कीं आतां काय होईल. ती आतां उलट दिशेनें गरगरते.